जखमी नानेटीची शुश्रूषा

मृगाचा पाऊस पडून सरद शेतीची कामे सुरू झाली म्हणजे शेताच्या बांधावर, कुळागरातील पाटाच्या काठी आणि घराभोवतालच्या गवतात एक सडपातळ, पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेला साप वारंवार दृष्टीस पडू लागतो. हीच नानेटी. उन्हाळ्यात ती बहुधा भेगांत, गडग्याच्या चिऱ्यांखाली किंवा मातीच्या ओलाव्यात दडून राहते आणि बेडकांचे आवाज घुमू लागताच बाहेर येते. बेडूक हे तिचे मुख्य भक्ष्य आणि दिवसाउजेडी हिंडणे ही तिची रीत. त्यामुळे माणसाशी तिची गाठ इतर सापांपेक्षा अधिक पडते. नांगर, पॉवर टिलर, कोयता, गवत कापण्याचे यंत्र, रस्त्यावरची वाहने आणि घरातील मांजर या साऱ्यांशीही तिची गाठ पडते ती याच दिवसांत.

साप दिसला की काठी उचलायची, ही पूर्वीची प्रवृत्ती आता पुष्कळ ठिकाणी कमी झाली आहे. शाळांतून मिळणारे शिक्षण आणि गावोगावच्या सर्पमित्रांचे कार्य यांचा हा परिणाम होय. परंतु त्याबरोबर एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. जखमी साप पाहून एखाद्या सहृदय गृहस्थाला त्याची दया येते. तो सापाला घरी आणतो, जखमेवर हळद दाबतो, काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावतो, वाटीभर दूध पुढे करतो आणि दुसऱ्या दिवशी साप मेलेला आढळला म्हणजे हळहळतो. वस्तुत: पुष्कळ वेळा साप मूळच्या जखमेने मरत नाही, तो या उपचाराने मरतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की नानेटी समजून उचललेला साप नानेटी नसला, तर प्राणावर बेतते ते उचलणाऱ्याच्या. यास्तव या विषयाची थोडी तपशीलवार माहिती ग्रामस्थांना, पंचायतीच्या कर्मचाऱ्यांना आणि विशेषत: शिक्षकांना असणे आवश्यक आहे, कारण असा साप सापडला की मुले प्रथम धाव घेतात ती गुरुजींकडे.

ओळख आधी, उपचार नंतर

पूर्ण वाढलेली नानेटी साधारणत: हातभर, म्हणजे चाळीस ते पन्नास सेंटिमीटर लांब असते, क्वचित याहून मोठीही आढळते. रंग तपकिरी किंवा ऑलिव्हसारखा हिरवट तपकिरी. पाठीच्या दोन्ही बाजूंनी एकेक पिवळसर पट्टा मानेपासून शेपटीपर्यंत गेलेला असतो. हे पट्टे शरीराच्या मागील भागात ठळक आणि पुढील भागात काहीसे पुसट असतात. याउलट पुढील भागात काळसर आडव्या रेघा अधिक स्पष्ट दिसतात. ओठ आणि हनुवटी पांढुरकी किंवा पिवळसर. डोळ्यातील बाहुली गोल. अंगावरील प्रत्येक खवल्यावर मध्यभागी एक बारीक उभी धार असते, त्यामुळे अंग गुळगुळीत व चकचकीत न दिसता खरखरीत भासते. नानेटी घाबरली म्हणजे अंग फुगवते आणि खवल्यांमधली कातडी उघडी पडून निळसर किंवा तांबूस रंगाची छटा चमकते. हे पाहून ‘हा काही वेगळाच विषारी साप असावा’ असा पुष्कळांचा समज होतो, तो खरा नव्हे.

नानेटी बिनविषारी असून स्वभावाने अत्यंत गरीब आहे. तिची जवळची आप्त दिवड मात्र तशी नाही. दिवड बिनविषारी खरी, परंतु तापट. ती नागासारखी मान चपटी करते आणि चावल्यास रक्त बरेच येते. जखमी झालेली दिवड हाताळणे हे अननुभवी माणसाचे काम नव्हे.

येथे एक सावधगिरी आवर्जून सांगितली पाहिजे. हिरव्या रंगाचा कोणताही साप बिनविषारी समजून हातात घेऊ नये. आपल्याकडील गवत्या हा हिरवा साप पूर्वी सर्रास निरुपद्रवी गणला जात असे. परंतु ज्या कुळशाखेत त्याची गणना आज होते, तिच्यातील जपानमधील आणि आग्नेय आशियातील जातींच्या दंशाने माणसांना गंभीर रक्तस्राव झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. चापडा तर उघडच विषारी आहे आणि तोही हिरवा असतो. तसेच मण्यार व कवड्या, घोणस व दुरक्या घोणस, फुरसे व मांजऱ्या या जोड्यांत फसगत होण्याचा संभव मोठा. चिखलाने माखलेल्या, रक्ताळलेल्या आणि वेदनेने वेटोळे घालून बसलेल्या सापाच्या अंगावरील खुणा जाणकारालाही चटकन दिसत नाहीत. म्हणून नियम एकच ठेवावा: ओळखीबद्दल तिळमात्र शंका असल्यास साप विषारी आहे असेच समजावे आणि त्याला स्पर्श करू नये. अर्धवट चिरडलेला, इतकेच नव्हे तर डोके धडावेगळे झालेला विषारी सापसुद्धा काही काळ दंश करू शकतो, हे मुलांना विशेष बजावून सांगावे.

पहिला तास

साप जखमी दिसल्यावर पहिले काम म्हणजे गर्दी हटविणे. कुत्री, मांजरे, कोंबड्या यांनाही दूर ठेवावे. एक मोठी बादली किंवा वेताची टोपली हळूच सापावर पालथी घालावी, तिच्यावर हलकेसे वजन ठेवावे आणि जागा उन्हात असल्यास वर सावली करावी. एवढे करून वनखात्याच्या जवळच्या कार्यालयास किंवा परिचित सर्पमित्रास कळवावे. सापाला हात न लावता त्याचे रक्षण करण्याचा याहून सोपा उपाय नाही. पुष्कळ प्रसंगी हाच पुरेसा असतो.

रस्त्यावरून साप हलविणे भागच असेल आणि ती नानेटीच आहे याची जाणकाराने खात्री केली असेल, तर रुंद पुठ्ठा किंवा सुपासारखी सपाट वस्तू तिच्याखाली सरकवून तिला उचलावे. शेपटीला धरून लोंबकळत उचलण्याची सवय फार घातक आहे. सापाच्या पाठीचा कणा शेकडो मणक्यांचा बनलेला असतो. त्यांतील एखादा मोडलेला असल्यास शरीराच्या भाराने आतील मज्जारज्जू तुटतो आणि बरा होण्यासारखा साप कायमचा लुळा होतो. मानेला चिमटीत पकडणेही तितकेच वाईट.

नंतर ठेवण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके किंवा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. हवेसाठी छिद्रे आधी पाडून घ्यावीत, साप आत असताना नव्हे. आणि ती आतून बाहेरच्या बाजूस पाडावीत, म्हणजे टोकदार कडा आत राहत नाहीत. छिद्रे बारीक असावीत, कारण नानेटीचे डोके जेथून गेले तेथून तिचे सगळे शरीर जाते. तळाशी साधा कागद किंवा धागे न सुटणारे जुने सुती कापड अंथरावे. माती, वाळू, लाकडाचा भुसा, गवत यांपैकी काहीही घालू नये. हे सारे ओल्या जखमेला चिकटते. वरून पातळ कापड टाकून डबा अंधारा करावा. अंधार मिळाला की साप शांत होतो आणि त्याची धडपड थांबते. शांत राहणे हाच जखमी सापाला मिळणारा पहिला खरा उपचार होय.

उष्णतेविषयी आपल्याकडे गैरसमज आहेत. सापाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे कमीअधिक होते आणि जखम भरण्याची गतीही त्यावर अवलंबून असते, हे खरे. परंतु गोव्यात पावसाळ्यातील घरातले तापमान नानेटीला मानवणारेच असते. दिव्याखाली, चुलीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर डबा ठेवण्याचे काही कारण नाही. सापाला घाम येत नाही, त्याला सावलीला जाता आले नाही तर तो तापतच जातो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा मोटारसायकलीच्या डिकीत ठेवलेला साप काही मिनिटांतच मरू शकतो.

जखमांचे प्रकार

वाहनाखाली किंवा काठीने झालेल्या इजेत बाहेर थोडेच दिसते. कातडी शाबूत असून शरीराला एके ठिकाणी कोन आलेला असतो, किंवा त्या जागेच्या मागील भाग साप नुसता फरफटत नेतो. हे कण्याला इजा झाल्याचे लक्षण होय. अशा सापाला सरळ करण्याचा, फळीला बांधण्याचा प्रयत्न घरी करू नये. तोंडातून रक्त येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, पोटाकडून आतील अवयव बाहेर आलेले दिसणे ही लक्षणे असतील तर तासाचाही विलंब घातक. बाहेर आलेला अवयव आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून तो ओला ठेवावा एवढेच.

डोळे दुधाळ, निळसर झालेले दिसले म्हणजे साप आंधळा झाला असे मानले जाते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे आवरण असते आणि कात टाकण्याच्या आधी काही दिवस ते धूसर होते. कात पडली की डोळे स्वच्छ होतात. अशा वेळी कात ओढून काढण्याचा मोह आवरावा, कारण डोळ्यावरील आवरणास इजा पोचण्याचा धोका असतो.

मांजराने पकडलेल्या नानेटीबद्दल थोडे अधिक लिहिणे जरूर आहे, कारण खेड्यातील घरांत हा प्रकार वरचेवर घडतो आणि त्याचे गांभीर्य ध्यानात येत नाही. मांजराच्या सुळ्यांची भोके सुईच्या टोकाएवढी असतात आणि ती वरून लगेच मिटतात. साप चपळपणे हालचाल करतो, पाहणाऱ्याला तो धडधाकट वाटतो आणि त्याला कुंपणापलीकडे सोडून दिले जाते. पण मांजराच्या तोंडातील जंतू आत राहिलेले असतात. पुढील काही दिवसांत आत पू होतो, विष रक्तात पसरते आणि साप कोठेतरी झुडपात मरून पडतो; ते कोणाला कळतही नाही. मांजराच्या तोंडातून सोडविलेला साप कितीही ठीक दिसला तरी पशुवैद्याला दाखविणे इष्ट, ते यामुळे.

जाळ्यांचाही प्रश्न वाढत चालला आहे. परसातील भाजीवर पक्षी व माकडांपासून संरक्षणासाठी टाकलेली नायलॉनची जाळी, मासेमारीनंतर ओढ्याकाठी फेकून दिलेले तुकडे यांत नानेटी आणि दिवड दोन्ही अडकतात. सापाचे खवले मागच्या दिशेने रोखलेले असल्यामुळे तो पुढे घुसतो, पण मागे येऊ शकत नाही. जितकी धडपड करावी तितका धागा रुतत जातो. अशा सापाला ओढून काढू नये. प्रथम त्याच्या सभोवतीची जाळी मोठ्या तुकड्यात कापून साप जाळीसकट डब्यात ठेवावा आणि जाणकार येईपर्यंत थांबावे. जाणकाराने डोक्यावर कापड टाकून, बोथट टोकाच्या लहान कात्रीने एकेक धागा बाहेरच्या बाजूने कापावा. मांसात रुतलेला धागा उपटू नये, तो पशुवैद्यासाठी ठेवावा. काम झाल्यावर उरलेली जाळी गुंडाळून घरात ठेवण्यास विसरू नये, अन्यथा उद्या दुसरा साप त्याच जागी सापडेल.

उंदीर पकडण्याच्या चिकट पाटीवर चिकटलेल्या सापासाठी रॉकेल किंवा थिनर वापरणे म्हणजे त्याला विष देणेच होय. उघड्या राहिलेल्या चिकट भागावर आधी कागद चिकटवावा आणि मग खाण्याचे तेल बोटाने किंवा मऊ कुंचल्याने थोडे थोडे लावीत शरीर मोकळे करावे. नाकपुड्यांपाशी तेल जाऊ देऊ नये. हे कामही साप बिनविषारी असल्याची खात्री असेल तरच हाती घ्यावे.

काय लावावे, काय लावू नये

हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, पाल्याचा रस यांतील काहीही सापाच्या जखमेवर लावू नये. हळदीचे माणसाच्या जखमेवरील गुण कोणी नाकारीत नाही. परंतु सुकी भुकटी जखमेत घट्ट बसते, तिच्याखाली पू साचतो आणि पुढे जखम स्वच्छ करताना कोवळी कातडी सोलून निघते. फिनेल व तत्सम जंतुनाशके तर सरपटणाऱ्या प्राण्यांना फार अपायकारक आहेत; फिनेलने पुसलेल्या फरशीवर किंवा डब्यातसुद्धा साप ठेवू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि मलमे यांचाही प्रयोग करू नये.

पशुवैद्याकडे त्याच दिवशी जाणे शक्य असल्यास घरी काहीच लावू नये, हेच उत्तम. परंतु पूर आला, रस्ता बंद झाला, रात्र पडली, असे प्रसंग सत्तरी किंवा सांग्याच्या अंतर्भागात येतातच. अशा वेळी, आणि ती नानेटीच असल्याची खात्री जाणकाराने केली असल्यास, एवढे करता येईल: अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ विरघळवावे आणि ते पूर्ण निवू द्यावे. या पाण्याची बारीक धार जखमेवर सोडून माती व कचरा वाहून जाऊ द्यावा. नंतर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण फिक्या चहासारखा रंग येईल इतके पातळ करून कापसाने हळूच टिपावे. घासू नये, पट्टी बांधू नये. पट्टीमुळे सापाची हालचाल व श्वासोच्छ्वास अडतो. सापाला आपल्यासारखा छातीचा पडदा नसून तो बरगड्यांच्या हालचालीने श्वास घेतो, हे येथे लक्षात घ्यावे. डबा जाळीदार कापडाने झाकावा. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून अंडी घालण्यास वेळ लागत नाही आणि अळ्या पडलेला साप वाचविणे कठीण होते.

पशुवैद्याकडून जंतूप्रतिबंधक औषध सुरू झाले म्हणजे ते सापाच्या वजनावर, ग्रॅमच्या हिशेबाने ठरते आणि पुष्कळदा एका मात्रेनंतर दुसरी मात्रा काही दिवसांनी देतात. सापाच्या शरीरातील सर्व क्रिया मंद असल्यामुळे औषधही मंदपणे बाहेर पडते. इंजेक्शन शरीराच्या पुढील भागात देण्याची पद्धत आहे, कारण मागील भागातील रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. गुरांच्या औषधाचा ‘थोडासा’ अंश अंदाजाने टोचणे किती अयोग्य आहे, हे यावरून कळून येईल. ज्यांच्याकडे सापाच्या उपचारांचा अनुभव नाही, अशा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी अनुभवी सहकाऱ्याचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

जखम भरण्यास आठवडे, कण्याची इजा असल्यास महिने लागतात. प्रत्येक कातीबरोबर व्रणावरील खवल्यांची घडण सुधारत जाते. पण कणा पूर्ण तुटला असेल, शरीराचा मागील भाग निर्जीव झाला असेल, तर पशुवैद्याने त्या प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यावा, हेच दयेचे ठरते. हा निर्णय मात्र पशुवैद्याचाच. डोक्यात दगड घालणे किंवा शीतकपाटात ठेवून देणे हा मार्ग नव्हे.

दूध, बेडूक आणि उपवास

साप दूध पितो, ही समजूत नागपंचमीच्या प्रथेने इतकी दृढ झाली आहे की जखमी सापापुढेही प्रथम दुधाची वाटी येते. गारुडी आपले साप कित्येक दिवस तहानलेले ठेवीत. असा साप पुढे आलेला कोणताही द्रव पितो, दूधसुद्धा. ते त्याला पचत नाही. तोंडात ओतलेले दूध श्वासनलिकेत शिरले तर फुप्फुसाचा दाह होऊन साप मरतो. सापाला हवे असते ते पाणी. तेही डोके उचलून धरण्याइतपत त्राण असलेल्या सापालाच, उथळ बशीत ठेवावे. निपचित पडलेला साप बोटभर पाण्यातही बुडू शकतो.

अन्न मुळीच देऊ नये. निरोगी साप आठवड्यामागून आठवडे उपाशी राहू शकतो. जखमी सापाच्या पोटात कोंबलेला बेडूक पचत नाही, सडतो किंवा ओकून पडतो. शिवाय शाळेतील मुले गुरुजींच्या सापासाठी बेडूक धरून आणू लागली, तर एका प्राण्याच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा संहार सुरू होईल. बेडकांची शिकार कायद्याने बंद आहे, हे पावसाळ्याच्या दिवसांत काही सुजाण मंडळीही सोयीस्करपणे विसरतात. पण तो वेगळा विषय आहे.

परदेशी पुस्तकांबद्दल

काही शिक्षकांच्या हाती इंग्रजी पुस्तके येतात, त्यांत ‘गार्टर’ नावाच्या सापाच्या घरगुती शुश्रूषेची माहिती असते. हा उत्तर अमेरिकेतील साप, आपल्या नानेटीच्याच उपकुळातला. लिनियसने १७५८ साली एकाच ग्रंथात या दोघांना शास्त्रीय नावे दिली आणि दोघांचीही नावे वस्त्रांशी संबंधित आहेत हा योगायोग गमतीचा आहे. मोजे बांधण्याच्या पट्टीवरून गार्टर हे इंग्रजी नाव पडले, तर नानेटीच्या शास्त्रीय नावातील ‘स्टोलाटम’ हा शब्द रोमन स्त्रियांच्या ‘स्टोला’ या पायघोळ वस्त्रावरून आला.

साम्य असले तरी तेथील सूचना जशाच्या तशा येथे लागू पडत नाहीत. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे हे साप चुनखडीच्या विवरांत हिवाळाभर निद्रिस्त राहतात आणि वसंत ऋतूत हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात. लगतच्या महामार्गावर चिरडून मरणाऱ्या सापांसाठी तेथे रस्त्याखालून भुयारे करण्यात आली आहेत. अशा थंड प्रदेशातील पुस्तकांत ऊब देणाऱ्या दिव्यांवर भर असणे स्वाभाविक आहे. गार्टर पिले प्रसवतो, नानेटी अंडी घालते. मात्र एक गोष्ट तेथून अवश्य घेण्यासारखी आहे. गार्टर सापांना केवळ गोल्डफिश किंवा काही जातींचे गोठविलेले मासे खाऊ घातल्यास त्या माशांतील एका घटकाने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते आणि सापांना झटके येऊ लागतात. आपल्याकडे दीर्घकाळ उपचाराखाली असलेल्या, मत्स्याहारी दिवडीच्या बाबतीत संबंधित अधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घरात किती काळ?

वन्य प्राणी संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये साप हा वन्य प्राणी आहे. २०२२ साली झालेली व १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेली दुरुस्ती जमेस धरूनही त्यात फरक पडलेला नाही. त्याला पकडणे, मारणे किंवा पाळणे हा अपराध आहे. शासनाची मालमत्ता ठरणारा वन्य प्राणी ताब्यात आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास खबर देण्याचे बंधनही या अधिनियमात आहे. अठ्ठेचाळीस तास ही शेवटची मर्यादा होय, सवलत नव्हे. दूरध्वनी पहिल्याच तासात करावा. तात्पर्य, घर हे जखमी नानेटीचे रुग्णालय नसून एका रात्रीचा आसरा आहे. ‘बरी होईपर्यंत ठेवू’ या सद्हेतूनेदेखील तिला आठवडाभर घरी ठेवू नये. शाळेत प्रदर्शनासाठी तर मुळीच नाही.

हाताळताना दंश झाल्यास जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. सापाच्या ओळखीबद्दल शंका असेल तर जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांत वेळ न दवडता तो अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर चालते. साप पकडून रुग्णालयात नेण्याची गरज नसते. दंश झालेला नसला तरी साप, डबा किंवा पाण्याची बशी हाताळल्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पसरतात आणि लहान मुलांना त्यांची बाधा लवकर होते. ती बशी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये.

पुन्हा मोकळे सोडताना

बरा झालेला साप दूरच्या घनदाट जंगलात नेऊन सोडणे पुण्यकर्म समजले जाते. नानेटी ही शेताची, ओहोळाकाठची, गवताची रहिवासी. तिला आपल्या परिसरातील बिळे, पाणवठे, भक्ष्याच्या जागा ठाऊक असतात. पंचवीस मैलांवरच्या अनोळखी रानात ती आसरा शोधीत भटकते आणि बहुधा शत्रूच्या तोंडी पडते. म्हणून ती जेथे सापडली त्याच्या शक्य तितक्या जवळ, त्याच बांधाच्या किंवा ओहोळाच्या कडेला, पण रस्ता आणि वस्ती थोडी टाळून, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी तिला सोडणे योग्य. ती दिवसा हिंडणारी असल्यामुळे सकाळची वेळ चांगली. पावसाचे दिवस असतील तर अधिकच उत्तम, कारण तेव्हा भक्ष्य विपुल असते. भर उन्हाळ्यात बऱ्या झालेल्या नानेटीला सोडण्याबाबत पशुवैद्य व वनाधिकारी यांनी विचारपूर्वक ठरवावे.

हे शक्य व्हावे म्हणून साप सुपूर्त करताना सापडल्याची नेमकी जागा कळविणे फार महत्त्वाचे आहे. नुसते ‘अमुक गावी सापडला’ एवढ्याने भागत नाही. डब्यावर चिठ्ठी लावावी. तीत तारीख, वेळ, वाडा, शेताचे किंवा रस्त्याचे नाव, जवळची खूण, इजा कशाने झाली आणि डब्यात ठेवल्यापासून काय केले, पाणी दिले की नाही, काही लावले की नाही, हे सर्व स्वच्छ अक्षरात लिहावे. शिक्षकांनी अशा चिठ्ठीची एक नक्कल शाळेच्या वहीत डकवून ठेवल्यास दोनतीन पावसाळ्यांत गावातील कोणत्या वळणावर साप अधिक चिरडले जातात, कोणत्या परसातील जाळीत ते अडकतात, हे आपोआप दिसू लागेल आणि पंचायतीला त्या जागी फलक लावणे किंवा जाळी बदलून घेणे सुलभ होईल.